मुलगी वर्षभरासाठी एकटी जर्मनीला चाललीये, व्हॉलंटिअर म्हणून (सल्ला हवाय)

तळजाई_वॉकर | ६ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी इथे सात-आठ वर्षं नुसती वाचते, पाककृतीखाली कधीतरी "मस्त" लिहून पळून जाते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

तर आमची लेक, वय २४, मानसशास्त्रात बी.ए., त्यानंतर दोन वर्षं इथल्याच एका विशेष मुलांच्या शाळेत काम केलंय. ती आता १ सप्टेंबरपासून वर्षभर जर्मनीला चाललीये. शिकायला नाही, नोकरीला नाही, व्हॉलंटिअर म्हणून. बोडेनझे म्हणून मोठं तळं आहे दक्षिणेला, त्याच्या जवळच्या एका वस्तीत, जिथे मोठ्या वयाची दिव्यांग माणसं आणि त्यांच्यासोबत काम करणारी माणसं एकाच घरात राहतात. राहणं, जेवण, विमा त्यांचा, वर थोडा पॉकेटमनी. मॅक्सम्युलर भवनमधून जर्मनची ए२ पातळी झालीये. व्हिसा काल हातात आला आणि काल रात्रीपासून माझी झोप गेलीये. इतके दिवस "बघू, व्हिसा मिळाला तर" असं म्हणून मी निवांत होते हो!

नातेवाईकांना सांगायचं म्हणजे वेगळाच ताप. पहिला प्रश्न "पगार किती", दुसरा "मग पुढे पीआर मिळतो का", तिसरा काही नाही, नुसतं "अच्छा..." आणि मग चहाचा घोट. मिस्टर म्हणतात जाऊदे तिला, पण तेच रात्री दोनला उठून गुगल मॅपवर ती वस्ती बघत बसलेले मी पाहिलेत.

मला विचारायचंय ते असं की कोणाची मुलं (किंवा तुम्ही स्वतः) अशी लांबच्या मुदतीची एकटी गेलीयेत का, पहिले दिवस कसे जातात, सामानात काय द्यायचं, २३ किलोत काय काय बसवणार मी, तूप दोन किलो कढवून ठेवलंय. तिकीट दुबईवरून स्वस्त मिळतंय, थेट फ्रँकफुर्टचं महाग आहे. आणि मुंबईला सोडायला कधी निघायचं. आणि खरं सांगायचं तर थोडा धीरपण द्या.

---

गोधडी | ७ जुलै, सकाळी ७.१५

अगं किती छान! धीर वगैरे नंतर, आधी सामान. थर्मलचे दोन जोड इथून घे, जाड जाकीट आणि बूट तिथूनच घ्यायचे, इथली जाकिटं तिथल्या थंडीला स्वेटरसारखी वाटतात. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, भाजणी, हे चार असलं की मूल मरत नाही. छोटा कुकर देणार असशील तर आधी विचार तिथे शेगडी इंडक्शनची आहे का, असली तर साधा कुकर म्हणजे बिनकामाचं वजन. माझ्या भाचीने साधा अॅल्युमिनियमचा नेला आणि वर्षभर त्यात कांदे ठेवले.

---

श्टुटगार्टचा_पुणेकर | ७ जुलै, दुपारी १.०२

काकू, अभिनंदन आणि ते तूप घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, तूप, खवा, पेढे, चक्का सगळं त्यात आलं. कस्टम्सने उघडलं तर सरळ कचऱ्यात टाकतात, डोळ्यांसमोर. तिला सांगा तिथे बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात मिळतं, दहा मिनिटांत कढतं, आळस असेल तर बुटरश्माल्त्स म्हणून तयार साजूक तूपच मिळतं, वास आपल्यासारखा नाही पण वरणभातावर चालतं. ताजा कढीपत्तासुद्धा नको, झाडपाल्याला सर्टिफिकेट लागतं.

दुसरं, दुबईवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बंदी घातलेल्या वस्तूंत मोडते. गोड्या मसाल्यात असते कधी, अनारशांवर तर असतेच. चेक-इन बॅग परस्पर पुढे जाते हे खरं, पण पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या मुलीला हा घोर कशाला. थेट फ्रँकफुर्टचं घ्या. पाच-सहा हजार जास्त जातील पण मधे उतरायची भानगड नाही.

कागद सगळे हातातल्या बॅगेत: पासपोर्ट, संस्थेबरोबरचा करार, विम्याचं पत्र, तिथला पत्ता कागदावर लिहून. मोबाईलची बॅटरी संपली की सगळं ज्ञान संपतं. पोचल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायचं म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याशिवाय तिथे तुम्ही अस्तित्वातच नसता, बँक खातंही अडतं. चार्जर दोन गोल पिनांचा असेल तर तिथे बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

आणि हे कोणी सांगत नाही: भारतातलं सिम बंद करू नका, रोमिंग चालू करून न्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. माझं पहिल्या वर्षी सिम बंद पडलं आणि स्वतःच्याच पैशांकडे मी सात महिने काचेतून बघत होतो.

---

नारायणपेठी | ७ जुलै, रात्री ९.३०

सगळे अभिनंदन करतायत म्हणून कोणीतरी विचारायला हवं. सेवाच करायची तर सहा हजार किलोमीटर कशाला? इथे काय दिव्यांग माणसं कमी आहेत? आनंदवन आहे, हेमलकसा आहे, तिथे माणसं मिळत नाहीत. जर्मनी श्रीमंत देश, त्यांची त्यांना पगार देऊन माणसं ठेवता येत नाहीत का? हे सेवेच्या नावाखाली फुकटचं परदेशदर्शन नाही ना, एवढंच विचारतोय. राग मानू नये.

---

माजी_बुफ्डी | ७ जुलै, रात्री १०.४८

राग नाही मानत काका पण "परदेशदर्शन" वाचून हसलो. मी नगरचा, दोन वर्षांपूर्वी हेच केलंय, एका वृद्धाश्रमात. सकाळी साडेसहाला आजोबांना उठवून, आंघोळ घालून, कवळी धुऊन देणे हे माझं परदेशदर्शन होतं.

पगार देऊन माणसं का ठेवत नाहीत याची गोष्ट मात्र खरी इंटरेस्टिंग आहे. तिथे सैन्यात सक्तीची भरती होती. ज्यांना बंदूक नको त्यांनी त्याऐवजी इस्पितळात, वृद्धाश्रमात, दिव्यांगांच्या संस्थेत सेवा करायची, त्याला त्सिविलडीन्स्ट म्हणायचे. २०११ मध्ये सक्तीची भरती थांबवली, त्याबरोबर ही पोरंही यायची थांबली आणि अख्ख्या यंत्रणेचे हातच गेले. मग त्याच वर्षी जुलैत सरकारने ही नवी स्वयंसेवेची योजना काढली, बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, उच्चार जमला नाही तर नुसतं बीएफडी म्हणा, आणि त्यात येणारे ते बुफ्डी. वयाला वरची अट नाही, माझ्याबरोबर ६३ वर्षांच्या रिटायर्ड बाई बुफ्डी होत्या. २७ च्या आतल्यांना वर्षाला २५ दिवस सेमिनार असतो, तिथे मित्र होतात, ते चुकवू नको म्हणावं.

काकू, एक कळकळीचं. या योजनेत संस्थेला पैसे द्यायचे नसतात, संस्था तुम्हाला देते. हल्ली बरेच एजंट निघालेत जे "व्हॉलंटिअर व्हिसा" म्हणून लाख-दोन लाख उकळतात. तुम्ही दिलेत का कोणाला?

---

तळजाई_वॉकर | ८ जुलै, सकाळी ६.२०

देणार होतो हो, थोडक्यात वाचलो. गेल्या वर्षी एकाने दोन लाख सांगितले होते, वर म्हणाला डिग्रीला अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या, तेही मीच करून देतो. लेकीने स्वतः संस्थेला ईमेल केली, दोन ऑनलाइन मुलाखती झाल्या, एक रुपया नाही. फक्त व्हिसाची फी ७५ युरो आणि परीक्षेची.

नारायणपेठी यांना: राग नाही आला. पण तुम्ही विचारलंत तर सांगते, पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच असतो, ४६ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. आई गेली त्या वर्षी मी त्याला घरी आणला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. ती त्याच्याबरोबर वाढली, पत्त्यांत भिकार-सावकार त्यानेच शिकवलं तिला आणि अजून तोच चिडतो हरला की. आता मी ५२, मिस्टर ५८. आमच्यासारख्या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न असतो, आमच्या नंतर याचं कोण. शाळा आहेत इथे, चांगल्या आहेत, पण अठरा वर्षांनंतर काय? चाळिशीनंतर काय? लेक म्हणाली, आई, जिथे असे साठ-साठ वर्षांचे लोक स्वतःच्या खोलीत राहतात, कामाला जातात, तिथे मला राहून बघायचंय की रोजचं नेमकं कसं चालतं, कोण काय करतं, पैसा कुठून येतो. पुस्तकात वाचून नाही कळत म्हणाली.

आता ती सेवा आहे का परदेशदर्शन मला माहीत नाही.

---

नारायणपेठी | ८ जुलै, सकाळी ८.०५

ताई, माझे शब्द मागे घेतो. कॉमेंट ठेवली आहे, उडवत नाही, पण मागे घेतो.

---

वरोरा_फास्ट | ८ जुलै, दुपारी ३.३३

नारायणपेठीकाका नेहमीप्रमाणे आधी फटका मग माफी, पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीला तीनदा गेलोय, मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. तिथे शिकलो ते घेऊन पुढे कुठेही जाता येतं. आणि लांब जाण्याचं म्हणाल तर सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते काय इथे रोगी कमी होते म्हणून? पाच डॉक्टरांचं पथक गेलं होतं, बाकीचे परत आले, हे थांबले, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. तिथल्या लोकांनी पुतळे उभारलेत. गरज कुठली मोठी हे किलोमीटरमध्ये मोजता येत नाही असं माझं मत. (ताई, कोटणीसांचं उदाहरण परत न आल्याचं आहे हे टाईप केल्यावर लक्षात आलं, हलकेच घ्या.)

---

पाचवा_मजला | ९ जुलै, रात्री १२.१०

मला मात्र माजी_बुफ्डींनी सांगितलेल्या गोष्टीतच काळजीचं वाटतं. सक्तीची पोरं गेली, मग स्वस्तातली पोरं आणली, आणि आता त्यांचीही कमी म्हणून भारतातून. म्हणजे पूर्ण वेळ काम आणि पॉकेटमनी. शोषण म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून जावं. करारात आठवड्याचे तास किती, सुट्टीचे दिवस किती, रात्रपाळी आहे का, हे लेखी आहे ना बघा. आणि तक्रार कोणाकडे करायची हेही. घरातच राहायचं आणि घरातच काम, म्हणजे ड्युटी कधी संपली हे कळतच नाही अशा ठिकाणी.

---

माजी_बुफ्डी | ९ जुलै, सकाळी ९.२६

पाचवा_मजला +१. मी हे पहिल्या महिन्यात शिकलो. स्वयंसेवक प्रशिक्षण न झालेला असतो त्यामुळे औषधं देणं, एकट्याने जबाबदारी घेणं हे त्याचं काम नाही, तो मदतनीस. पण माणसं कमी पडली की हळूच अंगावर येतं आणि आपल्याला, विशेषतः आपल्याकडच्या मुलींना, "नाही" म्हणता येत नाही. जर्मनला "नाही" म्हटलेलं आवडतं, खरंच, त्यांना "बघते, ट्राय करते" कळत नाही. तिला "नाइन" म्हणायची प्रॅक्टिस करून पाठवा.

ती कॅम्पहिल पद्धतीची वस्ती आहे का? वर्णनावरून तसं वाटतंय.

---

तळजाई_वॉकर | ९ जुलै, दुपारी ४.५०

हो कॅम्पहिलच. तिने सांगितलं त्याप्रमाणे कार्ल क्योनिग म्हणून व्हिएन्नाचे ज्यू कुटुंबातले बालरोगतज्ज्ञ होते, हिटलरमुळे देश सोडावा लागला, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ १९४० मध्ये त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या निर्वासितांनी हे सुरू केलं. म्हणजे ज्यांना स्वतःला घर नव्हतं त्यांनी.

तास ३९ लिहिलेत करारात, सुट्ट्या आहेत. "नाइन"ची प्रॅक्टिस सुरू केलीये, काल मी भांडी लाव म्हटलं तर मला म्हणाली.

---

(मधल्या सामानाच्या चर्चेत दिवाळीच्या साबणापर्यंत विषय गेला होता, त्या ३१ प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. – व्यवस्थापन)

---

तळजाई_वॉकर | ३० ऑगस्ट, पहाटे ५.१०

गेली.

गाडीत बसून लिहितेय, आम्ही परत पुण्याला निघालोय, फूड मॉलला थांबलोय. गणपती आमचे दीड दिवसाचे, परवा विसर्जन झालं. उद्या गौरी येणार आणि घरची एक गौर आज विमानात. घाटात ट्रॅफिक लागेल म्हणून दुपारी दोनलाच निघालो आणि घाट नेमका मोकळा, मग काय, सहा तास मुंबई विमानतळाच्या टी-२ च्या बाहेर बसलो चौघं. भावाला नेऊ नका असं सगळे म्हणत होते पण नेला. त्याने तिच्या ट्रॉलीला हात लावून गेटपर्यंत ढकलत नेलं, तिथे शिपायाने तिकीट मागितलं तर याने खिशातून पीएमपी बसचं तिकीट काढून दिलं. शिपाई भला माणूस, हसला नाही, नीट बघितलं आणि म्हणाला, साहेब तुमचं इथपर्यंतचंच आहे.

मी रडले नाही. मिस्टर पार्किंगचे पैसे द्यायला म्हणून गेले ते वीस मिनिटं आले नाहीत.

---

गोधडी | ३० ऑगस्ट, सकाळी ६.४४

साहेब तुमचं इथपर्यंतचंच आहे... सकाळी सकाळी काय गं हे. पोचली की इथे लिही लगेच.

---

तळजाई_वॉकर | ३१ ऑगस्ट, रात्री १०.१५

पोचली पण सरळ नाही. सांगते.

फ्रँकफुर्टला उतरली, सगळं नीट झालं, ऑफिसरने एकच विचारलं वर्षभर काय करणार, हिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, शिक्का. मग तिथून उल्मपर्यंत मोठी गाडी आणि उल्मला गाडी बदलून फ्रीडरिक्सहाफेन. तिकडे घ्यायला माणूस येणार होता. तर त्या फ्रीडरिक्सहाफेनला दोन स्टेशनं आहेत, एक श्टाट म्हणजे गावचं आणि एक हाफेन म्हणजे बंदराचं, आपल्या शिवाजीनगर आणि पुणे स्टेशनसारखं. हिचा रात्रभर डोळा लागला नव्हता, तो नेमका तेव्हा लागला. दचकून उठली, पाटी दिसली फ्रीडरिक्सहाफेन, उतरली दोन बॅगा घेऊन. ते हाफेन. घ्यायला आलेला माणूस श्टाटला.

फोनला रेंज होती पण रोमिंगचं पॅक अॅक्टिव्हेट झालेलं नाही. समोर तळं, बोटी, पलीकडे डोंगर, आणि ही मधे दोन बॅगांवर बसलेली. एका आजींना विचारलं, मॅक्सम्युलर भवनातलं शुद्ध, व्याकरणासकट. आजी भराभरा काहीतरी बोलल्या, हिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. चार वर्षांची जर्मन एका मिनिटात तळ्यात. मग आजींनी स्वतःचा फोन काढून दिला, हिच्याकडे कागदावर लिहिलेला नंबर होता (श्टुटगार्टचा_पुणेकर, तुम्हाला शंभर नमस्कार), आणि तो माणूस येईपर्यंत चाळीस मिनिटं तिच्याशेजारी बॅगेवर बसून राहिल्या. निघताना हिने त्यांना बाकरवडीचा पुडा दिला. माझी बाकरवडी पहिल्याच दिवशी संपली.

---

नारायणपेठी | १ सप्टेंबर, सकाळी ७.५०

हाफेन स्टेशनाला लागूनच झेपेलिन संग्रहालय आहे, बंदराच्या स्टेशनाच्या जुन्या इमारतीतच. पहिलं झेपेलिन हवाई जहाज त्या तळ्यावरूनच उडालं, २ जुलै १९००. सुट्टीत बघायला सांगा. चुकून उतरली ते चांगल्या ठिकाणी उतरली.

---

श्टुटगार्टचा_पुणेकर | १ सप्टेंबर, दुपारी १२.३८

आजी श्वेबिश किंवा तिकडची बोली बोलल्या असणार. घाबरू नका म्हणावं, पुण्यातली प्रमाण मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं आहे. "इस्ट"चं "इश" होतं, प्रत्येक शब्दाला "ले" चिकटतं, थोडंसं म्हणजे "बिसले". मला कान बसायला सहा महिने लागले आणि मी तर बायकोही तिकडचीच केली.

---

तळजाई_वॉकर | १९ सप्टेंबर, रात्री ११.२२

तीन आठवडे झाले. रोज फोनवर "सगळं मस्त" म्हणत होती, मग काल रात्री रडली. कारण ऐकाल तर, कोणी रागावलं नाही, खायला मिळतं, खोलीला खिडकी आहे, सगळं आहे. रडू कशाचं तर आपला काही उपयोगच नाही याचं. इथे शाळेत तिला सगळी मुलं चिकटायची, पालक फोन करून सल्ला विचारायचे. तिथे तिला टेबल पुसायचं तर कुठलं फडकं कशाला हे माहीत नाही, निळं वेगळं, पिवळं वेगळं, चुकीचं घेतलं की घरातले एक आजोबा येऊन न बोलता हातातून काढून घेतात आणि बरोबर फडकं देतात. ते तिथले रहिवासी, म्हणजे ज्यांची हिने काळजी घ्यायची ते. जेवताना सगळे हसतात, जोक कळत नाही, मग तीही हसते, आणि आपण खोटं हसलो म्हणून रात्री वाईट वाटतं.

मला काय सांगावं सुचेना. परत ये म्हणाले असते तर आली असती बहुतेक. जीभ चावली. कोणी गेलेलं असेल तर सांगा हे किती दिवस चालतं.

---

माजी_बुफ्डी | १९ सप्टेंबर, रात्री ११.५१

काकू, माझं नऊ आठवडे चाललं. मधे मी परतीच्या तिकिटाची किंमत रोज बघायचो, एखाद्या शेअरसारखी.

सांगा तिला: दिवसभर फक्त एकाच माणसाशी बोल. सगळ्या टेबलाचं समजून घ्यायला जाऊ नकोस. ते फडकंवाले आजोबा आहेत ना, त्यांना पकड. जे लोक रोज तेच प्रश्न विचारतात, त्याच क्रमाने, त्यांच्याइतका चांगला भाषेचा मास्तर नाही. माझ्याकडे एक आजी रोज विचारायच्या आज वार कुठला, बाहेर पाऊस आहे का, माझी बहीण आली का. पहिल्या आठवड्यात मी फक्त वार सांगू शकायचो. डिसेंबरात बहिणीबद्दल बोलायचो.

आणि आईने रोज फोन करू नये. सॉरी. दोन दिवसांआड करा.

---

पाचवा_मजला | २० सप्टेंबर, सकाळी ८.१४

मी मागे जरा कडक लिहिलं होतं. तिच्या ३९ तासांत बसतंय ना सगळं? थकव्यानेही रडू येतं. ते आधी बघा, मग भाषा.

---

तळजाई_वॉकर | २० सप्टेंबर, दुपारी २.०५

बसतंय, विचारलं. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी जास्त थांब म्हणाले तर "नाइन" म्हणाली म्हणे. पहिलं "नाइन". ते म्हणाले ओके. एवढंच झालं, ओके! तीच जास्त वेळ विचार करत बसली.

दोन दिवसांआडचं जमवते. अवघड आहे.

---

तळजाई_वॉकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.४८

आईच्या आयडीवरून लेक लिहितेय. पासवर्ड मीच टाकून दिला होता तिला, त्यामुळे. सगळा धागा आज रविवारी बसून वाचला, बाकरवडी आणि पीएमपीचं तिकीट सगळं तुम्हाला माहितीये हे बघून जरा लाजच वाटली, पण सगळ्यांना थँक्यू. माजी_बुफ्डी, तुमची ट्रिक चालली. फडकंवाल्या आजोबांना मी इथे हेर फ (हेर म्हणजे श्रीयुत) म्हणते, नाव नको. ते ६१ चे आहेत, विणकामाच्या कार्यशाळेत जातात, पायपुसणी विणतात, रोज सकाळी मला तीन गोष्टी विचारतात: झोप लागली का, आज श्पेट्झले (इकडच्या शेवया) आहे का, आणि मामाने काय खाल्लं. मामाबद्दल मी एकदाच सांगितलं होतं पहिल्या आठवड्यात, मोडक्यातोडक्या भाषेत. मला वाटलं कळलंच नसेल.

परवा सेमिनारमध्ये आम्हाला राव्हेन्सबुर्गजवळ वाइसेनाऊला नेलं. तिथे जुन्या मनोरुग्णालयाच्या फाटकात एक बस उभी आहे, काँक्रीटची, खऱ्या बसएवढी, करड्या रंगाची आणि मधोमध उभी चिरलेली, दोन भागांच्या मधून आपण चालत जायचं. १९४० मध्ये नाझी राजवटीत अशा करड्या बसेस यायच्या आणि रुग्णांना, दिव्यांगांना भरून ग्राफेनेकला न्यायच्या, तिथे गॅसने मारायचे. ग्राफेनेकला एका वर्षात दहा हजारांवर माणसं मारली, वाइसेनाऊची जवळजवळ सातशे. बसच्या आत भिंतीवर एकाने विचारलेला प्रश्न कोरलाय, "आम्हाला कुठे नेताय?" मी त्या मधून चालले तेव्हा मला मामाचं तिकीट आठवलं. बाकी मला त्याबद्दल अजून काही लिहिता येत नाही.

पैसा कुठून येतो तेही मी इथे विचारलं. प्रत्येक रहिवाशाचा खर्च सरकार देतं, कायद्याने हक्क म्हणून, दान म्हणून नाही. आपण पुण्यात असं घर काढायचं तर खोल्या, माणसं, विणकाम सगळं जमेल, हा भाग कसा जमायचा ते मला कळत नाहीये. वहीत लिहिते आहे सगळं.

आई, तू हे वाचशीलच. पासवर्ड बदल.

---

नारायणपेठी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०२

बेटा, वही जपून ठेव. परत आलीस की मला वाचायला दे. घर काढायचं म्हणालीस तर जागा बघायला मी रिकामाच असतो.

---

तळजाई_वॉकर | २७ ऑक्टोबर, रात्री १०.५५

पासवर्ड बदलला.

दिवाळी झाली. फराळाचं पार्सल पाठवलं, नियम वाचून, चिवडा शेव चकली, तुपातलं काही नाही. लाडू इथेच खाल्ले आम्ही, जरा जडच गेले.

एक नवीन घोळ झालाय. रविवारी रात्री साडेनऊला आमचा व्हिडिओ कॉल असतो, तिकडे सहा, त्यांचं संध्याकाळचं जेवण आणि आमच्या भावाचंही जेवण. त्या घरात जेवताना फोन चालत नाही पण रविवारी हिला परवानगी दिलीये. तर भाऊ ताट उचलून कॅमेऱ्याला दाखवतो, वरणभात, लिंबाची फोड. मग तिकडून ते आजोबा त्यांची प्लेट दाखवतात, ब्रेड, चीज, काकडी. दोघं एकमेकांच्या ताटाकडे नीट बघतात, आमचा मान हलवतो, ते मान हलवतात, झालं, मग दोघं जेवायला लागतात आणि आम्हा बाकीच्यांकडे लक्षही देत नाहीत. गेले चार रविवार हेच.

काल त्यांची घड्याळं एक तास मागे गेली. साडेतीनचे साडेचार तास झाले. साडेनऊला फोन केला तर तिकडे पाचच वाजलेले, टेबल रिकामं. भावाने ताट तसंच धरून ठेवलं. साडेदहापर्यंत जेवला नाही. त्याची गोळी असते जेवणानंतरची, डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आठवड्यातून एकदा चालेल.

---

झेब्रा | २ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

उशिरा वाचतोय. माझा मुलगा पुढच्या सप्टेंबरसाठी हेच बघतोय, औंधला असतो आम्ही. कधीपासून सुरुवात करावी? आणि त्याच्या संस्थेने पोलीस क्लिअरन्स मागितलंय, ते कुठे मिळतं, किती दिवस लागतात? एक जण डिग्री अपोस्टिल करून देतो म्हणतोय, करून घेऊ का?

---

तळजाई_वॉकर | २ नोव्हेंबर, दुपारी १.४५

आत्ताच सुरुवात करा. डिसेंबर-जानेवारीत मुलाखती झाल्या तर व्हिसाला वेळ मिळतो, तिथेच सगळे अडकतात. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, आम्ही मुंढव्याला गेलो होतो, ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन. मग पोलीस घरी येतात किंवा चौकीवर बोलावतात, आमचं सतरा दिवसांत झालं पण महिना धरून चाला. ओरिजिनल आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घेऊन जा, बाहेर झेरॉक्सवाला शोधायला उन्हातान्हात फिरावं लागतं.

अपोस्टिलला पैसे घालवू नका. आपल्या अपोस्टिलवर जर्मनीची हरकत आहे, तिथे ते धरत नाहीत, मला लेकीने दाखवलं होतं. त्या माणसाला "नाइन" म्हणा.

तूप नको. कुकर न्यायचा असेल तर आधी शेगडी विचारा. आणि फ्रीडरिक्सहाफेनच्या बाजूला जाणार असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, एक चकलीचा डबा द्यायचाय.